जगाच्या गरिबीसाठी साहेबांना फोन

लग्नकार्यात नवी ओळख झाली की समोरची बाई हमखास विचारते, तुम्ही नोकरीत होता ना, कुठल्या खात्यात? मी सांगते, फोन करायची नोकरी होती. म्हणजे टेलिफोन खात्यात का? नाही, आमदार-खासदारांना फोन करायची. कशाला? जगातली गरिबी कमी करा, असं सांगायला. इथपर्यंत आलं की ती बाई माझ्याकडे जरा नीट बघते, मग पंगत बसली का ते बघते आणि उठून जाते. माझी सून मला सांगून सांगून थकली की नुसतं 'सामाजिक संस्थेत होते' म्हणत जा. पण मी जे केलं ते सांगते. पंचवटीतल्या एका संस्थेच्या दोन खोल्यांत बसून मी बरीच वर्षं हेच केलं आणि त्याचा पगार घेतला. मग गरिबी कमी झाली का, हे विचारायला कुणी थांबत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

मी मूळची एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली टेलिफोन ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं आणि ज्याला जो हवा त्याला तो जोडून द्यायचा. पुढे यंत्रच आपोआप जोडायला लागलं आणि माझी खुर्ची गेली. घरी बसून करमेना. त्या सुमाराला दातार सरांनी बोलावणं पाठवलं. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांनी चार मित्र गोळा करून ही संस्था काढलेली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की एकलहऱ्याला एक बाई आहे, तिला 'साहेब नाहीत' म्हटलं तर ती 'मग फोन उचलला कुणी' असं विचारते. सरांना तेवढंच हवं होतं.

सर दिल्लीला कसल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि येताना डोक्यात हे घेऊन आले होते. कितीतरी देशांतले साधे लोक म्हणे आपण निवडून दिलेल्या माणसाला फोन करतात. श्रीमंत देशातले सांगतात, गरीब देशांची कर्जं माफ करायला सभागृहात बोला. आपल्यासारख्या देशातले सांगतात, सरकारी गोदामातलं धान्य भुकेल्या माणसापर्यंत पोचवायला सभागृहात बोला. सगळ्यांनी एकाच वेळी मागे लागायचं. एक बोलला की दुसऱ्याला बोलावं लागतं, आणि मग सरकारला हलावं लागतं. मोर्चा नको, उपोषण नको, नुसता फोन. सर हे सांगताना इतके खूश होते की मला वाईट वाटलं. फार भला माणूस. आयुष्यात त्यांनी एकाही आमदाराला फोन केलेला नव्हता.

ज्या साहेबांची ही हकीगत आहे त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमदार की खासदार, तेही सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि ज्यांना ओळखू येणार नाही त्यांनी आपापले साहेब धरावेत. काही बिघडत नाही.

फोन करण्यात काय कसब, असं बाहेरच्यांना वाटतं. कसब आहे. पहिली गोष्ट म्हणजे फोन मतदाराचाच हवा. मी नाशकातून पेठच्या साहेबांना कितीही गोड बोलले तरी उपयोग शून्य, कारण माझं मत त्यांच्या पेटीत पडत नाही. म्हणून मी साहेबांपर्यंत वाट काढायची आणि साहेब लाइनवर आले की रिसीव्हर मतदाराच्या हातात द्यायचा. मतदारानं नाव सांगायचं, गाव सांगायचं, एकच मागणी सांगायची आणि शेवटी विचारायचं, तुम्ही सभागृहात बोलणार का? मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं शिकवायलाच मला सगळ्यात जास्त त्रास पडला. आपल्या लोकांना मोठ्या माणसाची अडचण झालेली बघवत नाही. साहेब जरा घुटमळले की हेच म्हणणार, बरं बरं, बघा तुमच्या सवडीनं.

पण तिथवर पोचायचं कसं? सकाळी साहेब अंघोळीला. मग पूजेला. मग लोकांत बसलेले. मग जेवायला, मग जरा आडवे झालेले, मग दौऱ्यावर. दौऱ्यावरून आले की पुन्हा अंघोळीला. आमच्या जिल्ह्यातले पुढारी किती वेळा अंघोळ करतात हे मला जितकं माहीत आहे तितकं त्यांच्या घरच्यांनाही नसेल. आणि या सगळ्या अंघोळींच्या दारात बसलेले असत पीए. आमच्या साहेबांचे पीए होते सोनवणे. मूळचे नामपूरचे, बोलण्यात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' यायचा, आवाज मऊ, कधी चढायचा नाही. रागावणाऱ्या माणसाशी मी दोन हात करू शकते. सोनवण्यांपुढे मी हात टेकले होते.

सोनवण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय काम शे, ताई?" आमच्याकडे साहेबांना फोन म्हणजे काम. पोराला कॉलेजात प्रवेश, मास्तरची बदली, सिव्हिलला खाट, विहिरीवरच्या मोटारीला वीज. काम नसताना साहेबांना फोन करणारा माणूस सोनवण्यांनी जन्मात बघितला नव्हता. मी पहिल्यांदा सांगितलं की आमचं काम जगातल्या गरिबीचं आहे, तेव्हा त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, तुमच्या तालुक्याचं काय असेल ते सांगा ताई, जगाचं साहेबांकडे नाही. मी सांगितलं, तालुका जगातच येतो. त्यावर ते हसले आणि म्हणाले, बरोबर शे, साहेबांच्या कानावर घालतो. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी हेच सांगितलं. कानावर घालतो, कानावर घातलंय. 'सांगतो' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं, 'कानावर घालतो' म्हटलं की काहीच द्यावं लागत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

आमच्याकडे येणाऱ्यांत दामूअण्णा होते. मखमलाबादकडे त्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती, आणि मत साहेबांच्याच पेटीत. पहाटे फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात यायचे, माल संपला की आमच्या ऑफिसात येऊन चहा प्यायचे आणि विचारायचे, आज कुणाला त्रास द्यायचा? त्यांच्या मळ्यात दरसाल पेठकडची माणसं कामाला उतरायची. ती माणसं काय खातात आणि काय न खाता राबतात हे अण्णांनी डोळ्यांनी बघितलं होतं. एरवी अण्णा कुठल्या चळवळीत पडणारे नव्हते. पण या एका गोष्टीवरून त्यांचं डोकं फिरायचं.

आमच्या ऑफिसच्या खालची गल्ली थेट गंगेवर उतरते. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे रोज सकाळी कुणाकुणाचा दहावा असतो, आणि मेलेला माणूस जरा बऱ्या घरचा असला की दहाव्याला पुढारी येतात, माईक हातात घेतात आणि श्रद्धांजलीचं भाषण करतात. आमच्या जिल्ह्यातली ही रीतच आहे. लग्न चुकलं तर चालतं, दहावा चुकवून चालत नाही. एकदा मी सोनवण्यांशी बोलत होते, ते सांगत होते की साहेब पूजेला बसलेत, आणि खिडकीतून साहेबांचा आवाज ऐकू येत होता. कर्ण्यावरून, खाली घाटावर. मी आणि अण्णा चपला न घालता धावलो. आम्ही पोचलो तोवर गाडी दुसऱ्या दहाव्याला निघून गेलेली.

अण्णा घाटावरही फुलं विकायचे, त्यामुळे त्यांना या रीतीची खडान् खडा माहिती. परत वर येऊन त्यांनी रिसीव्हर उचलला आणि मला म्हणाले, तुम्ही आता गप बसा. सोनवण्यांना म्हणाले, दहाव्याचं सांगायचंय. आणि खरंच, अर्ध्या मिनिटात साहेब लाइनवर. इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी झुरत होते तो आवाज म्हणाला, "अरेरे. कोण गेलं?"

अण्णा सच्चा माणूस, खोटं पुढे रेटता येईना. म्हणाले, "अजून कुणी नाय गेलं, साहेब. पण पेठकडं पावसाच्या आत धान्य नाय पोचलं तर जातील."

साहेब रागावले नाहीत. उलट मोकळं हसले. म्हणाले, बरं, तसं काही झालं तर कळवा. आणि फोन ठेवला. अण्णांचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, चला, बोलणं तरी झालं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

यमुनाबाईला आमच्याकडे अण्णांनीच आणलं. पेठच्याही पलीकडे, ओहळापलीकडच्या एका पाड्यावरची ही बाई. अण्णांच्या मळ्यात फुलं खुडायला यायची. वय सांगता यायचं नाही, पण नवरा कधीचाच गेलेला, एक मुलगा, आणि नुकतीच घरात आलेली सून, मंजुळा. यमुनाबाईचं म्हणणं सरळ होतं. रेशनचं धान्य पाड्यावर येतच नव्हतं. ते मोठ्या गावापर्यंत यायचं, तेही कधी आलं तर. दुकानदार सांगायचा, वरून कोटा आला नाही. पाऊस लागला की ओहळ भरायचा आणि मग नाचणीच्या चतकोर भाकरीवर आणि रानातल्या भाजीवर दिवस काढायचे. दरसाल काढत होते. पण यंदा मंजुळा गरोदर होती आणि श्रावणात मोकळी होणार होती.

"माला माझं नाय," यमुनाबाई म्हणाली. "माझे पोटाला सवय हाय. पर ती दोन जिवांची हाय. पावसाळ्यात तिला खायला पायजे."

तिला सरांनी सगळं समजावून सांगितलं. गोदामं भरलेली आहेत, धान्य सडतंय, सरकारनं ठरवलं तर ते पाड्यापाड्यावर जाऊ शकतं, पण ठरवायला लावायचं तर साहेबांनी सभागृहात बोललं पाहिजे. आणि हे फक्त पेठचं नाही, जगात सगळीकडे असंच चाललंय. शिकलेली माणसं इथे जांभया द्यायची. यमुनाबाईनं मात्र सरांना विचारलं, दुसऱ्या देशातल्या बाया पण असाच फोन करतात का? सर म्हणाले, करतात. तिनं विचारलं, त्यांचे साहेब तरी उचलतात का? सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आपल्याहून बरं असेल.

त्या उन्हाळ्यापासून यमुनाबाई फोन करायला लागली. पेठच्या बाजाराला खाली उतरायची आणि तिथल्या एसटीडी बूथवरून बोलायची. आधी मी सोनवण्यांना गाठून सांगायचे की तुमच्या मतदाराचा फोन येतोय, ठेवू नका. मग ती बोलायची. नाव, पाडा, धान्य, तुम्ही साहेबांना बोलायला सांगणार का? आणि गप्प. मी इतक्या जणांना शिकवलं, पण गप्प राहणं यमुनाबाईसारखं कुणालाच जमलं नाही. तिला त्या गप्पपणाची भीती वाटत नसे. सोनवणेच एकदा मला म्हणाले, ताई, ती बाई बोलत नाही तेव्हा मला घाम फुटतो.

हळूहळू ते तिच्याशी बोलायला लागले. घरी कोण, सून कितव्या महिन्यात, असं विचारायचे. ती सांगायची. एकदा तिनं त्यांना सांगितलं की आमच्याकडे सून सगळ्यांच्या मागून जेवते आणि मागून काही उरत नाही. मी मात्र त्या सोनवण्यांना पत्थर समजत होते. माणूस वाईट नव्हता. मऊ खुर्चीत बसून मऊ झालेला होता, इतकंच.

आणि मग त्यांनी आपल्या परीनं वाट काढली. ज्येष्ठ संपत आला होता, सभागृहाचं अधिवेशन तोंडावर होतं. निरोप धाडून मला फोन करायला लावला आणि म्हणाले, जगाचं जाऊ द्या, पाड्याचंही जाऊ द्या. यमुनाबाईंच्या घरापुरती तांदळाची चार पोती आमच्या माणसाकरवी पोचवतो. साहेबांना विचारावंही लागणार नाही. तिला फक्त हो म्हणायला सांगा.

मी यमुनाबाईला म्हटलं, घ्या. डोळे मिटून घ्या. सर काय म्हणतील, चळवळ काय म्हणेल, त्याचा विचार करू नका, मी सरांशी भांडेन. मला तेव्हा फक्त मंजुळेचं पोट दिसत होतं. यमुनाबाई बूथच्या बाकावर बसून होती, मी नाशकात, मध्ये लाइन खरखरतेय. ती म्हणाली, विचार करते. पुढच्या बाजाराला तिचा फोन आला.

"आमचे पाड्यावर अजून तिघी पोटुशी हायत, बाई," ती म्हणाली. "माझे घरात भात शिजेल त्याचा वास त्यांचे घरात जाईल. माला नाय जमायचा. त्याला सांगा, द्यायचा तर समद्यांला द्या."

मी खूप बोलले. सासूपणा करू नका म्हटलं, सुनेला विचारा म्हटलं. तिनं सांगितलं की विचारलं, मंजुळाही नाहीच म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दोघींवर, सोनवण्यांवर, सरांवर, सगळ्यांवर. सोनवण्यांना निरोप दिला तेव्हा ते म्हणाले, एका पाड्याला दिलं की सगळे पाडे मागणार, तेवढं साहेबांच्या हातात नाही, ते सरकारचं काम. मी म्हटलं, सरकारला सांगायलाच तर साहेबांना निवडून दिलंय. ते म्हणाले, साहेबांच्या कानावर घातलेलं शे.

पाऊस लागला. अधिवेशन सुरू झालं. आम्ही हात धुऊन मागे लागलो. अण्णांनी मळेवाले गोळा केले, बाजारातल्या भाजीवाल्या बसवल्या, कुणाचे नातेवाईक साहेबांच्या मतदारसंघात असतील त्यांना शोधून त्यांच्याकडून फोन करवले. सर रोज सकाळी वर्तमानपत्रातला सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तान्त भिंग लावून वाचायचे, साहेब बोलले का ते बघायला. साहेब रस्त्याबद्दल बोलले. एका पुतळ्याबद्दल बोलले. एका बदलीवरून त्यांनी मोठा गोंधळ घातला, त्याचा फोटोही आला. धान्याबद्दल एक अक्षर नाही. सर भिंग खाली ठेवायचे आणि म्हणायचे, उद्या. सरांच्या त्या 'उद्या'चा मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांना पेपर नेऊन द्यायचे.

यमुनाबाईचा फोन येणं थांबलं. ओहळ भरला असणार, तिला उतरता येत नसणार, असं आम्ही धरून चाललो. आणि तसंच होतं. मंजुळेच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिला झोळीत घालून पोरांनी ओहळाच्या वरच्या अंगानं, रानातून फिरवून रस्त्याला आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेतच मुलगी झाली. मंजुळेनं दवाखान्याच्या ओट्यावरच जीव सोडला. डॉक्टर म्हणाले, बाळंतपण साधंच होतं, बाईच्या अंगात रक्तच नव्हतं. कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही. भूक नक्की लिहिली नसणार.

हे मला यमुनाबाईनंच बूथवरून सांगितलं. रडली नाही. मीच इकडे तोंडात पदर कोंबून ऐकत होते. शेवटी म्हणाली, दहाव्याला या, सरांना आणि अण्णांना आणा. आणि सोनवणेभाऊलाही सांगा, त्याच्याशी इतकं बोलले मी, त्याला कळलं पाहिजे.

मी सोनवण्यांना फोन केला. त्यांनी काम काय म्हणून विचारलं नाही. मी सांगितल्यावर एवढंच म्हणाले, दहावा कुठल्या दिवशी, कुठे? मी सांगितलं. तासाभरात त्यांचा उलटा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून आलेला हा पहिला फोन. म्हणाले, साहेब स्वतः येतायत.

ओहळाच्या काठी चिखलात पाड्यावरची माणसं उभी होती. सर काठी टेकत आले होते, अण्णांनी शेवंतीची पाटी आणली होती. ज्या रस्त्यानं धान्याचा ट्रक कधी आला नव्हता त्याच रस्त्यानं साहेबांच्या गाड्या आल्या. ओहळापर्यंत आल्या. एका गाडीतून बॅटरीवरचा माईक निघाला. साहेबांनी चपला काढल्या, चिखलात अनवाणी उभे राहिले, यमुनाबाईला हात जोडले. मग बोलायला लागले.

मी आयुष्यात इतकं चांगलं भाषण ऐकलं नाही. साहेब म्हणाले, सरकारची गोदामं भरलेली आहेत आणि या पाड्यावर चूल पेटत नाही. म्हणाले, आपल्याकडे सून सगळ्यांच्या मागून जेवते आणि मागून काही उरत नाही. म्हणाले, दूरदूरच्या देशांतले लोक आपल्या प्रतिनिधीला फोन करून विचारतात की भुकेल्या माणसासाठी तू काय बोललास, आणि आपण मात्र गप्प बसतो. त्यांचा आवाज कापत होता. खोटा नव्हता, हे मला आजही वाटतं. पाड्यावरच्या बायका पदर डोळ्याला लावत होत्या. अण्णा मान खाली घालून उभे होते. सोनवणे गाडीच्या आडोशाला उभे होते, त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "सगळं पोचलं होतं हो."

मला वाटत होतं की आमचे फोन दारातच अडतात, अंघोळीत नाहीतर पूजेत वाहून जातात. त्या आशेवरच मी इतकी वर्षं नंबर फिरवत होते. आतापर्यंत पोचलं नसेल, एकदा पोचलं की बोलतील. तसं काही नव्हतं. एकेक शब्द पोचला होता, जपून ठेवला होता, पाठ होता. मी सरांचा हात धरला, म्हणजे त्यांनी माझा.

साहेबांना पुढे आणखी एका दहाव्याला जायचं होतं. ते यमुनाबाईशी दोन शब्द बोलले, तान्ह्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. गाड्या वळल्या. मी यमुनाबाईजवळ जाऊन बसले. पोर तिच्या मांडीवर होतं, बकरीच्या दुधात भिजवलेला फडक्याचा बोळा चोखत. यमुनाबाई त्या गाड्यांकडे बघत होती.

"बाई, हेच ना तुम्ही त्याला बोलायला सांगत व्हतात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, हेच.

"चांगला बोलला," ती म्हणाली. "धान्य कधी येईल, तेवढा नाय बोलला. ते तिकडं बोलेल का आता?"

ती माझ्याकडे बघत राहिली, गप्प. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. अधिवेशन आदल्या दिवशीच संपलं होतं.